दोन टाक्या, एक सिलिंडर

१२ मार्च

ताईस,

नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत, तिकडेही असतील असं धरून चालते. गुडघ्याचं कसं आहे ते दोन ओळीत कळव. मागच्या वेळी चार पानं गुडघाच होता.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावलीस. कुठून करू? चाळीतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही दोन जावा, दोघींचे नवरे आणि मध्ये सासूबाई. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. इथे बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. लिहिलेलं मात्र कोणी वाचत नाही, कारण माझं अक्षर. म्हणून पत्र.

धाकट्या जावेशी बोलत का नाहीस, असं विचारलंस. तुला कोणी सांगितलं? सासूबाईंनीच सांगितलं असणार. बरं, आता माझ्याकडून ऐक.

तिला मत्स्यशाळेत मी चिकटवली. लग्न होऊन आली तेव्हा घरात बसून नखं कुरतडायची. मी मालकांना म्हटलं, घ्या, हात बारीक आहेत, पिल्लांच्या कामाला बरे. जाळी कशी धरायची, तळ कसा झाडायचा, सगळं मी दाखवलं. तू विचारलं होतंस ना, चपटे मासे म्हणजे कसले? जन्मतात साध्या माशासारखे, उभे पोहतात. मग काही दिवसांनी एक डोळा डोक्यावरून सरकत सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी येऊन बसतो, आणि मासा कुशीवर आडवा होतो तो जन्मभराचा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. आमच्या सासूबाईंचे आहेत तसे. त्यांनाही एकच सून दिसते.

तर ही पिल्लं टाकीच्या तळाला निजून असतात. आमची जुनी रीत म्हणजे विरळ ठेवायची, पिल्लांच्या मधून तळ दिसला पाहिजे. माझी उमर त्यात गेली. आता वरच्या ऑफिसातून एक मॅडम आल्यात, हातात पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा मीटर. त्या म्हणतात, जागेपेक्षा ऑक्सिजन महत्त्वाचा. पाण्यात तो भरपूर सोडला तर तेवढ्याच टाकीत दुप्पट पिल्लं राहतील, खातील, वाढतील. दाटी झाली आणि ऑक्सिजन कमी पडला, की आधी ती खाणं सोडतात, मग वाढ खुंटते, मग जातात. मालकांनी ठरवलं, करून बघू. एक टाकी जुन्या शेडमध्ये जुन्या रीतीने, ती माझी. एक नव्या शेडमध्ये दाटीची, तिला ऑक्सिजनचा सिलिंडर लावलेला. एप्रिलच्या शेवटी वजन करायचं. ज्या टाकीची पिल्लं चांगली, ती रीत पिल्लांच्या सगळ्या नर्सरीला, आणि ती टाकी सांभाळणारी बाई नर्सरीची मुख्य.

मला ते पद हवंय, ताई. उघड लिहिते, तुझ्यापाशी कसली लाज. मुख्य बाईला तळ झाडावा लागत नाही. मुख्य बाईला विचारून दुसऱ्या कामाला लागतात. घरात नाही विचारत कोणी, निदान तिथे विचारतील.

आणि नवी टाकी कोणाला दिली? धाकटीला.

आता खरं सांगायचं तर मॅडमने मीटर आधी माझ्यापुढेच धरला होता. मी म्हटलं, ‘असल्या काट्याआकड्यांचं मला कळत नाही, मी माशाचं तोंड बघून सांगते.’ मॅडम म्हणाल्या, ‘तोंड बघून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, बाई.’ तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, ‘मला दाखवा.’ झालं. तेव्हापासून ती गळ्यात मीटर लटकवून फिरते, नवरीने मंगळसूत्र मिरवावं तशी.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मी म्हटलं, ‘जा बाई, मॅडमचा मीटर पुसत बस, तेवढंच येतं तुला.’

ती म्हणाली, ‘तेवढं तरी येतं.’

सगळे हसले. पॅकिंगवाल्या बायका तर डबे खाली ठेवून हसल्या. त्या दिवसापासून अबोला. सुरू मी केला, पण चालवते ती. जेवताना मी म्हणते, ‘सासूबाई, कोणाला तरी सांगा, भाजीत मीठ जास्त झालंय.’ ती म्हणते, ‘सासूबाई, कोणाला तरी सांगा, पाणी प्या.’ म्हातारी मध्ये बसून मान इकडून तिकडे वळवते. तिची चांगली करमणूक झाली आहे.

तिची टाकी बघून आले मी, ती नसताना. कौलं रचावी तशी पिल्लं एकावर एक. तळ म्हणून दिसत नाही. आणि खाद्य टाकलं की सगळी उसळतात. मला वाटलं होतं मरतुकडी असतील. नाहीत. माझ्यापेक्षा चांगली दिसली. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

पण मीही गप्प बसणारी नाही. माझी पिल्लंही आता वजन धरतील, बघच तू.

तुझी,
बहीण


६ एप्रिल

ताईस,

नमस्कार. आधी बातमी. मी मुख्य झाले.

आता तू म्हणशील, वजन तर महिन्याच्या शेवटी होतं. होतं. पण वजन करायला तिच्या टाकीत काही राहिलंच नाही फारसं. मंगळवारी सकाळी तिची निम्म्याच्या वर पिल्लं मेली. ऑक्सिजन बंद पडला. मॅडम दोन दिवस बाहेरगावी होत्या, मालकही नव्हते. दुपारी दोघे आले, बघितलं. मालक म्हणाले, ‘ही दाटीची रीत म्हणजे टांगती तलवार. जरा नळी निसटली की सगळं साफ. आपली जुनी रीत बरी.’ नवी शेड बंद केली, उरलेली पिल्लं माझ्याकडे, धाकटी पॅकिंगला. शेडच्या किल्ल्या मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिल्या.

तू खूश होशील असं वाटलं म्हणून लगेच लिहायला बसले.

माझ्या पिल्लांना काही झालं नाही. म्हणजे सकाळी जरा वर आली होती, पण निवळली. इथे अचानक उकाडा वाढलाय, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन टिकत नाही. असं होतं कधी कधी. त्याचं विशेष नाही.

ऑक्सिजन कसा बंद झाला, असं मॅडमने विचारलं. धाकटी म्हणाली, ‘माझ्या हातून बंद झाला.’ मॅडम म्हणाल्या, ‘मीटरमध्ये दिसतंय, हळूहळू नाही, एकदम तुटलाय. नळी काढल्यासारखा.’ धाकटी म्हणाली, ‘हो, माझ्या हातूनच.’ एवढंच. मी तिथेच उभी होते, मेलेली पिल्लं भरायची टोपली धरून. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ती कमरेपर्यंत भिजलेली होती. दुपारपर्यंत तशीच होती, बदलायला गेली नाही. तिचं तिला कळायला नको?

घरी सासूबाईंनी तिला फैलावर घेतलं. ‘हातात आलेलं घालवलंस, दुधखुळी कुठली.’ इतकी वर्षं मी वाट बघत होते की म्हातारीने कधीतरी तिलाही बोलावं. बोलली. मी भांडी घासत होते. मला वाटलं होतं, ऐकायला गोड लागेल.

आता सगळे मला बाई म्हणतात. काल एक पॅकिंगवाली म्हणाली, ‘बाई, तुमच्या जावेला आम्ही काय काम द्यायचं?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारता, तिलाच विचारा.’ तर ती म्हणाली, ‘ती बोलतच नाही.’ मग मी काय करू? माझ्याशी तरी कुठे बोलते.

यांना बातमी सांगितली. म्हणाले, ‘बरं झालं, आता रोज घरी चिडून येणार नाहीस.’ आणि कूस बदलली.

झोप नीट लागत नाही. उकाड्याने असेल.

उत्तर पाठव. लांबलं तरी चालेल.

बहीण


१७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. अभिनंदनाची एक ओळ आणि मग सगळे प्रश्नच. पोलिसात जायला हवं होतंस. ‘तुझी पिल्लं वर का आली होती, निवळली कशी, आणि धाकटी कमरेपर्यंत भिजली कुठल्या टाकीत? स्वतःच्या टाकीत तर ती उतरत नाही, गळ्यात मीटर लटकवून फिरते, असं तूच लिहिलं होतंस.’ मी पत्र फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं.

ऐक तर.

वजन करायचं म्हटल्यावर मी पिल्लांना जास्तीचं खाद्य टाकत होते. सगळे गेले की दोन मुठी, तीन मुठी. आणि तळ झाडणं बंद केलं. नळीने तळाची घाण रोज ओढायची असते, पण ती ओढताना पिल्लं बिचकतात आणि त्या दिवशी नीट खात नाहीत. मला एक दिवसही घालवायचा नव्हता. तिची पिल्लं अशी फुगत होती, ताई, की रोज सकाळी मी आधी तिच्या शेडच्या खिडकीतून डोकावायची आणि मग माझ्या टाकीकडे जायची. तिच्या पिल्लांवर मी जितकी नजर ठेवली तितकी माझ्या पिल्लांवर नाही ठेवली.

आता हे मासे तळालाच निजतात. न खाल्लेलं खाद्य त्यांच्या अंगाखाली साठतं, दिसत नाही. दिसतं काय, तर गुटगुटीत पिल्लं शांत निजलीत. खाली सगळं कुजत होतं, आणि जे कुजतं ते ऑक्सिजन खातं. हे मला माहीत नाही असं नाही. धाकटीला मीच शिकवलंय ते. नव्या पोरीला सांगायची पहिली गोष्ट तीच.

मंगळवारी सकाळी शेडमध्ये पाय टाकला आणि बघते तर सगळी पिल्लं वर. जी जन्मभर तळ सोडत नाहीत, ती पाण्याच्या तोंडाशी येऊन आ वासत होती. कल्ले असे फडफडत होते की पाण्याला कढ आल्यासारखं दिसत होतं. हवेचा पंप आपला बुडबुडे सोडत होता, पण त्याने काय होणार. शेडमध्ये मी एकटी, पॅकिंगच्या बायका अजून यायच्या होत्या. आवारात आणखी एकच माणूस, आणि तिच्याशी माझा अबोला.

मी दारात गेले. ती समोरच्या शेडच्या दारात मीटर बघत उभी होती. मी हाक मारायला तोंड उघडलं. ताई, तिचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. मीच केलेला अबोला, पण तो असा घशात बसला होता की पिल्लांचे जीव चाललेत तरी हलेना. मी नुसती उभी राहिले. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून तिला कळलं.

ती आत गेली आणि स्वतःच्या टाकीतली नळी काढून सिलिंडर घेऊन आली, जमिनीवरून ओढत. दुसरा सिलिंडर रिकामा पडला होता, भरून यायचा होता. म्हणजे तो एकच. माझ्याकडे न बघता सरळ टाकीत उतरली, नळी तळाला धरून उभी राहिली. एका हाताने नळी धरलेली, दुसऱ्या हाताने तळाची घाण ओढत होती. मी वरून पाणी बदलत राहिले. एक शब्द नाही, तिचाही नाही, माझाही नाही. मध्येच तिने ओंजळभर कुजकं खाद्य वर काढलं, बघितलं, आणि काठावर ठेवलं. माझ्यासमोर. बोलली असती तर एवढं लागलं नसतं.

तिचा हिशेब असा असणार की तिची पिल्लं अजून उपाशी आहेत, सकाळचं खाद्य दिलेलं नाही, उपाशी पोटी ऑक्सिजन कमी लागतो, तर थोडा वेळ निभेल. माझी निवळेपर्यंत ती थांबली आणि मग सिलिंडर घेऊन धावत गेली. वरून बघितलं तर तिची पिल्लंही निजलेली दिसत होती. जाळी घातली तेव्हा कळलं. दाटीत खालच्या थरातली आधी गेली होती. वरची त्यांच्यावर निजून होती, म्हणून दिसलं नाही. मग वरचीही जायला लागली.

मी खिडकीतून बघितलं. ती टाकीच्या काठावर बसली होती.

आणि मग दुपारी मॅडमने विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या हातून. आणि मी टोपली धरून उभी राहिले.

हे आहे सगळं. झालं समाधान?

तू लिहिलंस, तिचे पाय धर. पाय मी कोणाचे धरत नाही, आणि तिला ते आवडणारही नाही. तू लिहिलंस, तिचे उपकार मान. तेच तर होत नाही ना. मला तिचा राग येतो, ताई. आधी मीटरसाठी येत होता, तो परवडला. मीटर काय, उद्या मलाही शिकता आला असता. पण तिला नळी काढावीशी वाटली. तिची टाकी माझ्या टाकीसारखी मरायला लागली असती तर मी काढली असती का, हे मी रोज स्वतःला विचारते, आणि रोज उत्तर टाळून उठते. तिच्याकडे जे आहे ते मला हवंय आणि ते किल्ल्यांच्या जुडग्यात नाही. ती पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून खोकी चिकटवते आणि मी तिच्यावर जळते. अशी बाई बघितली आहेस कधी? जिंकून जळणारी?

तू म्हणतेस, बोलता येत नसेल तर लिही. माझ्याच घरात, दोन हातांवर निजणाऱ्या बाईला पत्र लिहायचं. लोक हसतील. पण तुला लिहिता लिहिता एवढं निघालं खरं.

गुडघ्याला शेक.

तुझी,
बहीण


२० एप्रिल

धाकटे,

हे पत्र तुझ्या गमबुटात ठेवते आहे. पाय घालायच्या आधी हात घालतेस हे मला माहीत आहे, ते विंचवाचं झालं तेव्हापासून.

तू बरी असशील. मी बरी आहे. तशी नाही.

आज दुपारी मी मालकांच्या खोलीत गेले. मॅडमही होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: माझं जास्तीचं खाद्य, न झाडलेला तळ, तुझी नळी, माझी टोपली. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मालकांनी किल्ल्यांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘एवढे दिवस काय तोंडात गुळणी धरली होती?’ मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार.

मॅडम रागावल्या, पण तुझ्यावरही रागावल्या हे तुला सांगून ठेवते. म्हणाल्या, ‘खोटं बोलून तिने माझे आकडे बिघडवले. मी लिहून पाठवलं की दाटी झेपत नाही. ऑक्सिजन काढून घेतला तर कुठलीच दाटी झेपणार नाही.’ ते आता त्या निस्तरतील. प्रयोग पुन्हा करणार आहेत, भरलेला दुसरा सिलिंडर हाताशी ठेवून, आणि टाकी तूच सांभाळायची. मालकांनी मला विचारलं, ‘मग मुख्य कोणाला करू?’ मी तुझं नाव घेतलं. घेताना जड गेलं, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. ते म्हणाले, वजन झाल्यावर बघू. मला पॅकिंगला पाठवलंय. बरं केलं. तिथल्या बायका आज पुन्हा हसल्या. हसू देत.

सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगते. तू मध्ये पडू नकोस, तुला सवय लागली आहे.

मी बदलले असं समजू नकोस. तू उद्या मीटर गळ्यात घालून माझ्यासमोरून गेलीस की माझं डोकं फिरणार आहे. तुझी पिल्लं उसळून खाताना बघेन आणि मला जेवण जाणार नाही. मी अशीच आहे, आणि या वयात माझा डोळा काही दुसऱ्या बाजूला सरकत नाही. पण त्या सकाळी पिल्लं मरत असताना मला तुला हाक मारता आली नाही, ते पुन्हा होता कामा नये. टाकी माझी असो की तुझी. माशांना तरी आपल्या रुसव्याचा भुर्दंड कशाला.

म्हणून उद्या सकाळी नळावर मी तुझ्याशी बोलणार आहे. काय बोलणार ते ठरवलेलं नाही. गोड बोलायला मला येत नाही, बहुतेक टोचूनच बोलेन. तूही टोचून उत्तर दे. भांडण निघालं तर निघू दे, चाळीभर ऐकू गेलं तरी चालेल. पण सासूबाईंकरवी नको. मला दे उत्तर.

तुझ्यावर अजून जळणारी,
तुझी थोरली जाऊ